मुरबाडचे नाना, मुन्शी मकबा आणि सहावीतलं इंग्रजी

शाळेत कोणती भाषा कितवीपासून शिकवायची, या प्रश्नावरून महाराष्ट्र ठरावीक वर्षांनी तापतो. ताजं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्य सरकारनं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा आदेश काढला. १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली. विरोध वाढत गेला आणि २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचं जाहीर झालं. त्या अडीच महिन्यांत वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि व्हॉट्सॲपवर जो तो भाषेविषयी बोलत होता.

वाचनाच्या कामासाठी मी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांमध्ये अधूनमधून जातो. त्या जूनमध्येही गेलो होतो. वाडी-पाड्यांवरच्या शिक्षकांना या वादात फारसा रस नव्हता. सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणारे एक गुरुजी म्हणाले, ‘‘कितवीपासून शिकवायचं ते वर ठरतं. आम्ही शिकवतोच. पण शिकवायचं कशानं, ते कुणी विचारत नाही.’’

‘कशानं’ हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. इंग्रजीच्या तासाला मुलाच्या हातात काय असतं, ते कुणी तयार केलं, ते कुठल्या मुलासाठी तयार केलं, या प्रश्नांना आपल्याकडे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या एका कोपऱ्यात मुरबाडचा एक माणूस आहे आणि त्याच्या शेजारी एक कोकणी मुसलमान बसलेला आहे.

१८४७ चा वाद

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजे नाना शंकरशेट, यांचा जन्म १८०३ मध्ये मुरबाडचा. कर्तृत्व मुंबईतलं. एल्फिन्स्टनच्या नावानं उभी राहिलेली शिक्षणसंस्था, ग्रँट मेडिकल कॉलेज, १८५३ ची मुंबई-ठाणे रेल्वे, अशा त्या काळातल्या बहुतेक मोठ्या कामांत त्यांचा हात होता. पुढे तीच रेल्वे शहापूर तालुक्यातून कसाऱ्यापर्यंत गेली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीकडे निघाली. त्याच वर्षी ३१ जुलैला नानांचं निधन झालं.

१८४० मध्ये मुंबई सरकारनं प्रांतातल्या शाळांचा कारभार पाहण्यासाठी ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ नेमलं. त्यात तीन सदस्य इथले होते : नाना शंकरशेट, पारशी समाजातले फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहिम मकबा.

मकबांचं नाव आज आपल्या समाजातही फार थोड्यांना माहीत आहे. ते कोकणी मुसलमान. इंग्रज अधिकाऱ्यांना हिंदुस्तानी शिकवणारे मुन्शी. १८२३ मध्ये त्यांनी हिंदुस्तानीचं व्याकरण लिहिलं आणि गव्हर्नरच्या नावावरून त्याला ‘तोहफा-ए-एल्फिन्स्टन’ असं नाव दिलं. म्हणजे परक्या माणसाला भाषा शिकवायची तर हातात काहीतरी नीट रचलेलं लागतं, हे त्यांना स्वतःच्या धंद्यातून माहीत होतं. मुसलमानांनी आधुनिक शिक्षणाकडे पाठ फिरवली होती, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की मुंबई प्रांताच्या पहिल्या शिक्षण मंडळात एक मुन्शी बसलेला होता, हे विसरूनच जातो. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ ची आणि अलीगढची शाळा १८७५ ची. मकबांचं काम त्याच्या कितीतरी आधीचं.

१८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी बोर्डाचे अध्यक्ष झाले. पेशानं न्यायाधीश. त्यांचं म्हणणं असं, की सरकारकडे पैसा थोडा आहे, तो वरच्या वर्गातल्या थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यावर खर्च करावा. ती मुलं पुढे बाकीच्यांना शिकवतील. बोर्डावरचे दुसरे इंग्रज सदस्य कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी याला विरोध केला. जर्व्हिस लष्करातले इंजिनीयर. त्यांनी गणिताची पुस्तकं मराठीत आणली होती. शिक्षण लोकांपर्यंत न्यायचं तर ते लोकांच्याच भाषेतून न्यावं लागेल, असं त्यांचं मत.

१८४७ मध्ये हा वाद टोकाला गेला आणि बोर्डात सरळ दोन फळ्या पडल्या. नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहिम मकबा हे तिघंही जर्व्हिस यांच्या बाजूनं उभे राहिले. सय्यद नुरुल्ला आणि जे. पी. नाईक यांनी हिंदुस्थानातल्या शिक्षणाचा जो इतिहास लिहिला, त्यात या वादाची सविस्तर हकीकत आहे.

नानांची भूमिका नीट समजून घ्यायला हवी. ते इंग्रजीचे शत्रू नव्हते. इंग्रजी शिक्षणासाठी त्यांनी पदरचा पैसा आणि आयुष्यातली वर्षं घातली होती. ज्याला इंग्रजी शिकायची इच्छा आणि सवड आहे त्यानं ती जरूर शिकावी, पण सगळ्या लोकांपर्यंत ज्ञान पोचवण्याचं साधन म्हणून देशी भाषाच उपयोगी पडतील, असं त्यांचं थोडक्यात म्हणणं होतं.

सरकारनं १८४८ मध्ये दिलेलं उत्तर इतकं मोघम होतं की दोन्ही बाजूंनी त्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं मधला मार्ग सांगितला : उच्च शिक्षण इंग्रजीतून, बहुजनांचं शिक्षण देशी भाषांतून. वाद कागदावर मिटला.

पुस्तकं कुणासाठी लिहिली गेली

या वादाकडे आपण ‘मराठी की इंग्रजी’ असं पाहतो. त्याच वर्षांत छापखान्यात काय चाललं होतं तेही पाहायला हवं.

१८२० च्या दशकात मुंबईत ‘नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ शाळांसाठी मराठी पुस्तकं तयार करत होती. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये निघाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला. मोल्सवर्थनं सुरू केलेला आणि थॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये, म्हणजे बोर्डात भांडण चालू असलेल्या वर्षीच प्रसिद्ध झाला.

मोल्सवर्थच्या कोशात मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीत दिलेले आहेत, कारण तो मराठी शिकणाऱ्या इंग्रजालाही वापरायचा होता. त्या साहेबाला कुणी सांगितलं नाही की तुझी भाषा दाराबाहेर ठेव आणि फक्त मराठीतून मराठी शिक. त्याच्या हातात त्याच्या भाषेचा आधार दिला गेला.

आपल्या बाजूनं हेच काम द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांनी केलं. त्यांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ज्यांच्या घरी ते पुस्तक होतं त्यांना त्याची रीत आठवत असेल. आधी मराठीत नियम. मग थोडे शब्द, अर्थासह. मग इंग्रजी वाक्यं, त्यांचं मराठी करायचं. मग मराठी वाक्यं, त्यांचं इंग्रजी करायचं. एका पाठात एकच नवी गोष्ट. पुढच्या पाठात मागचं सगळं पुन्हा येणार. माझ्या नानांनी याच पुस्तकावर इंग्रजी शिकून रेल्वेत नोकरी केली. त्यांचे उच्चार गावठी होते, पण आलेलं सरकारी पत्र ते वाचायचे आणि त्याला उत्तर लिहायचे. मोहल्ल्यातले लोक कागद घेऊन त्यांच्याकडे यायचे.

या रीतीत दोष होते. बोलणं येत नसे, वाक्यं कृत्रिम असत. पुढे शिक्षणशास्त्र बदललं. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच ऐकू यावी, भाषांतर करू नये, ठरावीक वाक्यरचना क्रमानं शिकवाव्यात, असं प्रशिक्षणात सांगितलं जाऊ लागलं. नंतर संवादावर भर देणारी पद्धत आली. हे बदल चुकीचे नव्हते. पण ते करताना एक गृहीत धरलं गेलं, की वर्गातल्या शिक्षकाला सहज इंग्रजी बोलता येतं आणि मुलाच्या कानावर शाळेबाहेरही थोडी इंग्रजी पडते. मुरबाडच्या डोंगराकडच्या पाड्यावर या दोन्ही गोष्टी कमी असतात. तिथं भाषांतराचा आधार गेला आणि त्याच्या जागी दुसरा आधार आला नाही.

कितवीपासून, कितवीपासून

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायची. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती पुन्हा पाचवीवर आली. २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ती पहिलीपासून सुरू झाली. ग्रामीण आणि बहुजन समाजाच्या मुलांना इंग्रजीपासून दूर ठेवणं हा अन्याय आहे, अशी त्यामागची भूमिका होती आणि ती मला पटते. शहरातला माणूस स्वतःच्या पोराला इंग्रजी माध्यमात घालून खेड्यातल्या पोराला मातृभाषेचं महत्त्व सांगतो, तेव्हा त्याच्या हेतूवर शंका घ्यायला जागा असते.

साधनांच्या बाजूनंही काही मोठी कामं झाली. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली. मराठीबरोबर उर्दू आणि इतर माध्यमांची पुस्तकंही ती काढते, ही आपल्या समाजासाठी फार मोलाची गोष्ट आहे. एकसारखं, स्वस्त, वेळेवर मिळणारं पुस्तक प्रत्येक गावात पोचणं ही क्रांतीच होती. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. दोन खोल्या, दोन शिक्षक, नकाशे, तक्ते, खेळणी, पुस्तकं, एवढं किमान प्रत्येक प्राथमिक शाळेत असावं, असं १९८७ मध्ये ठरवावं लागलं, यावरूनच आधीची परिस्थिती कळते.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे अध्यापन साहित्य मिळेल, प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असेल. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा एक, सामाजिक शास्त्रांचा एक आणि भाषांचा एक शिक्षक असेल. ‘भाषांचा एक’ म्हणजे मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिळून किमान एक. तोच माणूस पहिल्या तासाला मराठी कविता शिकवतो, तिसऱ्या तासाला हिंदी व्याकरण घेतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ‘माय इंग्लिश बुक’ उघडतो. मूल मराठीत कुठे अडखळतं हे त्याला माहीत असतं. तो दुवा वापरून इंग्रजी शिकवायला त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. पण त्यासाठी लागणारं साहित्य त्याच्या हातात नसतं. असतं ते कधी कधी कपाटात बंद असतं. एका शाळेत मी इंग्रजीच्या चित्रकार्डांचा अख्खा संच प्लॅस्टिकच्या वेष्टनात पाहिला. एक कार्ड हरवलं तर भरून कुणी द्यायचं, म्हणून तो कुणी उघडलाच नव्हता.

या सगळ्याचा परिणाम काय, याचा अंदाज ‘असर’ अहवालातून येतो. ग्रामीण भारताच्या २०२२ च्या पाहणीत आठवीतल्या ४६.७ टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना आठवीतही ती वाचता येत नव्हती. पाचवीत हे प्रमाण २४.५ टक्के होतं आणि २०१६ पासून ते जवळपास तिथंच थांबलेलं होतं.

नाजरा इंग्रजी

जी मुलं वाचतात ती कशी वाचतात, हेही पाहायला हवं. शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत सातवीतल्या मुलीनं मला इंग्रजीचा अख्खा परिच्छेद न अडखळता वाचून दाखवला. मी शेवटच्या वाक्याचा अर्थ विचारला. तिनं मान खाली घातली. पुस्तकावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात प्रत्येक इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहिलेला होता. ती इंग्रजी वाचत नव्हती, देवनागरी वाचत होती.

आपल्या घरांमधून आलेल्या वाचकांना या वाचनाचं नाव सांगायला नको. मकतबमध्ये आपण कुरआन आधी ‘नाजरा’ शिकतो. अरबी अक्षरं ओळखायची, उच्चार शुद्ध करायचे, मजकूर पाहून वाचायचा. अर्थ नंतर, कुणाच्या नशिबात असेल तर. कुरआनच्या तिलावतीला स्वतःचं मोल आहे, तिथं उच्चारालाही सवाब आहे. पण इंग्रजीच्या पुस्तकाला सवाब नाही. ती मुलगी औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, नोकरीचा अर्ज, बँकेचा कागद समजून घेण्यासाठी इंग्रजी शिकते आहे. तिथं नाजरा कामाचा नाही. आपल्या शाळांनी एका पिढीला इंग्रजीचा नाजरा शिकवला आहे.

गंमत अशी, की ज्या मकतबवरून मी हा शब्द घेतला, तिथल्या साधनाकडून शाळेला शिकण्यासारखं बरंच आहे. नूरानी कायदा किंवा त्याआधीचा बगदादी कायदा आठवून पाहा. ‘कायदा’ म्हणजे पहिलं वाचनाचं पुस्तक. पातळ, स्वस्त, मोठ्या अक्षरांचं. एका तख्तीवर एकच नवी गोष्ट : आधी सुटी अक्षरं, मग जोडलेली, मग जबर-जेर-पेश. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मुलाचा सबक वेगळा. एकाच चटईवर बसलेल्या वीस पोरांपैकी कुणी तिसऱ्या तख्तीवर असतं, कुणी अकराव्या. मूल महिनाभर आजारी पडलं तर परत येऊन जिथं थांबलं तिथूनच सुरू करतं. हाफिजसाब म्हणत नाहीत की वर्ग पुढं गेला, तू राहिलास.

आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी याच तत्त्वावर कार्डांची शिडी तयार केली. एका खोलीत अनेक इयत्तांची मुलं आणि प्रत्येक मूल शिडीच्या आपापल्या पायरीवर. पुढे तमिळनाडूनं हजारो सरकारी शाळांत तशी पद्धत नेली. म्हणजे हे फक्त चटईवरच चालतं असं नाही.

वीटभट्टीवरून परतलेलं मूल

‘जिथं थांबलं तिथून’ या शब्दांना शहापूर-मुरबाडमध्ये फार वजन आहे. इथल्या कातकरी कुटुंबांपैकी बरीच दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-कल्याणच्या पट्ट्यात आणि त्यापलीकडे. आईबापांबरोबर पोरं जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. पाठ्यपुस्तक मात्र असं रचलेलं असतं की मूल जूनपासून एप्रिलपर्यंत रोज बाकावर आहे. पाचवा धडा पहिल्या चारांवर उभा. वीटभट्टीवरून आलेल्या मुलाला सहावीतून सातवीत ढकललं जातं आणि तो सातवीचं पुस्तक उघडतो, तेव्हा त्याच्या पायाखाली काहीच नसतं.

दुसरा प्रश्न घरच्या भाषेचा. या दोन तालुक्यांत कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली अशा समाजांची वस्ती आहे. आगरी-कुणबी बोली आहेत. आमच्या लोकांच्या घरात दखनी किंवा कोकणी चालते. पुस्तकातली मराठी यांच्यापैकी कुणाचीच घरची भाषा नाही. ठाकर मुलगा पुण्याच्या मराठीतून इंग्रजी शिकतो, म्हणजे एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत जातो. शहापूरच्या मुसलमान पोराच्या वाट्याला घरची बोली, मकतबची अरबी-उर्दू, शाळेची मराठी, हिंदी आणि वर इंग्रजी. पाच भाषा. हे ओझं आहे, असं आपण नेहमी म्हणतो. ते भांडवलही आहे. पाच भाषांमधून रोज ये-जा करणाऱ्या मुलाला सहावी भाषाही जड जाऊ नये. पण त्या भांडवलाचा उपयोग करून घेणारं एकही पान त्याच्या दप्तरात नाही.

नाना आणि मकबा १८४७ मध्ये जे म्हणत होते त्याचा अर्धा भाग आपण स्वीकारला : शाळा लोकांच्या भाषेत हवी. उरलेला अर्धा, की परकी भाषासुद्धा लोकांच्या भाषेचं बोट धरून शिकवावी आणि त्यासाठी लागणारी साधनं तशी घडवावीत, तो बाकी आहे.

इथंच घडलेलं

हे काम अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना याच दोन तालुक्यांतली दोन उदाहरणं दाखवता येतात.

शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकानं गेल्या दशकात ‘डिजिटल शाळा’ उभी केली. पाड्यावरच्या लोकांनी वर्गणी दिली. तिथून हा प्रयोग राज्यभर गाजला आणि अनेक शाळांनी त्याचं अनुकरण केलं. काही ठिकाणी तो टिकला, काही ठिकाणी प्रोजेक्टर बिघडल्यावर पडदा गुंडाळला गेला. माझ्या मते पष्टेपाड्याचा धडा यंत्राचा नाही. शिक्षकानं मुलांसाठी साहित्य स्वतः रचलं आणि ते आपलं आहे असं पाड्याला वाटलं, हा त्याचा धडा आहे.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकारानं ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीच्या पुढच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत आल्या. त्यांना पोथी स्वतः वाचायची होती, सहीच्या जागी अंगठा नको होता. ज्याला जे वाचायचं आहे तिथून सुरुवात केली की सत्तरीतही अक्षर येतं.

मग शहापूरच्या सहावीतल्या मुलाला इंग्रजीत काय वाचायचं आहे? त्याच्या भोवती इंग्रजी नाही, हे खरं नाही. आसनगाव स्टेशनवरच्या पाट्या, मुरबाड एमआयडीसीतल्या कारखान्यांची फाटकं, खताच्या गोणी, औषधांची पाकिटं, मोबाईलचा रिचार्ज, समृद्धी महामार्गावरचे फलक. त्याच्या आजीच्या तोंडी ‘टेसन’, ‘लाइट’, ‘डॅम’, ‘पंप’, ‘इंजेक्शन’ हे शब्द आहेतच. तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला देणाऱ्या तालुक्यात ‘पाइपलाइन’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं यातूनच साहित्य केलं. मुलांना सांगितलं, घरातलं इंग्रजी लिहिलेलं काहीही आणा. साबणाचं वेष्टन, बियाण्याची पिशवी, तिकीट. एका भिंतीवर ते डकवलं. प्रत्येकाखाली तीन ओळी : शब्द इंग्रजीत, अर्थ पुस्तकी मराठीत आणि ‘आमच्यात काय म्हणतात’ ते. तिसरी ओळ मुलं भरायची. ठाकर मुलांचा शब्द वेगळा, आमच्या मोहल्ल्यातल्या पोरीचा वेगळा. दिवाळीपर्यंत भिंत भरली. मग तिनं जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर तेच शब्द लिहून डबा केला. भट्टीवर जाणाऱ्या मुलांबरोबर ती चाळीस-चाळीस पत्त्यांचा एक जुडगा देते. सगळे जुडगे परत येत नाहीत. जे येतात ते मळलेले असतात, म्हणजे वापरलेले असतात. खर्च जवळजवळ शून्य.

ध्वनीचाही असाच उपयोग झाला आहे. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं ‘वुई लर्न इंग्लिश’ हा श्राव्य कार्यक्रम केला. शिक्षकाला स्वतःच्या उच्चारांची खात्री नसली तरी मुलांच्या कानावर नीट इंग्रजी पडावी आणि त्यांनी लगेच प्रतिसाद द्यावा, अशी त्याची रचना. रेंज नसलेल्या पाड्यावर क्यूआर कोडपेक्षा वाजणारा डबा जास्त उपयोगाचा. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं.

आपल्याला काय करता येईल

सरकारनं करायचं ते वेगळं. कार्ड हरवलं, तक्ता फाटला तर ती साहित्य वापरल्याची खूण मानावी आणि शिक्षकाकडून भरपाई मागू नये. माध्यमिक इंग्रजीच्या पुस्तकासोबत एक पातळ पूरक वही असावी, तर्खडकरांसारखी पायरीपायरीनं जाणारी, मराठीतून समजावणारी, कायद्यासारखी प्रत्येकाला आपापल्या सबकवर ठेवणारी. उर्दू माध्यमासाठी ती उर्दूतून असावी. ठाकरी-कातकरी शब्दांसाठी जागा रिकामी ठेवावी, ती मुलंच भरतील.

पण सरकारची वाट न पाहता होण्यासारखंही बरंच आहे. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत, छापखानेवाले आहेत, कल्याण-भिवंडीत कागदाचा धंदा करणारे आहेत. रमजानमध्ये जकात-सदक्याचे पैसे निघतात तेव्हा वह्या-दप्तरं वाटली जातात. चांगलंच आहे. त्यात एका शाळेला पन्नास कार्डांचा एक डबा बसू शकतो. आणि तो फक्त आपल्या पोरांसाठी का असावा? बाकावर शेजारी कातकरी मूल बसलेलं आहे. १८४७ च्या बोर्डात दैवज्ञ, पारशी आणि कोकणी मुसलमान एका बाजूला बसले होते, ते आपापल्या जातीच्या पोरांसाठी नव्हे.

सातवीतल्या त्या मुलीची आठवी आता संपत आली असेल. पुढे नववी, दहावी. शाळा सुटण्याची भीती मुलींना याच वयात सर्वांत जास्त असते आणि इंग्रजीत नापास होणं हे शाळा सोडायला पुरेसं कारण मानलं जातं. तिला इंग्रजी कितवीपासून शिकवली, हा प्रश्न तिच्यापुरता संपला आहे. ती पहिलीपासूनच शिकते आहे. आठ वर्षांत तिच्या हाती लागलं ते पेन्सिलीनं लिहिलेल्या उच्चारांचं एक पुस्तक. पुढच्या जूनमध्ये सहावीत येणाऱ्या मुलींच्या हातात त्याहून बरं काही द्यायचं असेल, तर ते आताच, या उन्हाळ्यात तयार करायला घ्यावं लागेल.